पेशी फारच छान वाढत होत्या

महापे आणि रबाळेच्या मधल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका छोट्या संशोधनसंस्थेत २०२० साली जे बिघडलं, त्याची पहिली नोंद तक्रारीची नाही, शाबासकीची आहे. पेशींच्या रोजच्या वहीत ऑक्टोबरअखेर एक ओळ सापडते: "वाढ उत्तम. शुक्रवारी पेरलेली प्लेट सोमवारी भरली." शेजारी प्रमुख मॅडमनी हिरव्या शाईत बरोबरची खूण केली आहे. तीन महिन्यांनी याच पेशींनी एका पीएचडीचं अख्खं प्रकरण पाण्यात घातलं.

मला बोलावलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, बाहेरचा माणूस म्हणून वह्या, गोठवलेल्या कुप्या आणि कामाची पद्धत तपासायला. संस्थेचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. नवी मुंबईत या क्षेत्रातली मोठी नावं वेगळी आहेत, त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. पण हा परिसर स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींच्या, कामाला नवखा नाही, एवढं सांगायला हवं. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये सरकारी पैसा फक्त आधीच तयार झालेल्या भ्रूण-मूलपेशींच्या वंशांपुरता मर्यादित केला. एका भ्रूणातून घेऊन प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी म्हणजे एक वंश. तेव्हा जगभरातल्या ६४ वंशांची यादी निघाली. त्यातले ७ रिलायन्स लाइफ सायन्सेसचे होते आणि ३ बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राचे. रिलायन्सचं ते केंद्र पुढे रबाळ्यातच उभं राहिलं. खाडीपलीकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 'काइंड-१' आणि 'काइंड-२' हे वंश तयार केले. या कामात मुरलेली माणसं ठाणे-बेलापूर रस्त्यावर आजही भेटतात.

आपल्या या संस्थेचा विषय विकासजीवशास्त्राचा. भ्रूणाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या थरातून घडतात, तो थर, म्हणजे चेतास्तर, मुळात कसा ठरतो? माणसाच्या भ्रूणावर हे पाहता येत नाही, म्हणून निरोगी दात्याच्या रक्तपेशी मागे नेऊन पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत आणायच्या आणि तिथून प्लेटमध्ये चेतापेशींकडे वळवायच्या. मागे नेण्याची ही युक्ती क्योटोच्या शिन्या यामानाका यांची: २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर, २००७ मध्ये माणसाच्या. चार जनुकं घालायची, ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. २०१२ चं नोबेल त्यांना आणि बेडकावर त्याआधी कित्येक दशकं हीच दिशा दाखवणाऱ्या जॉन गर्डन यांना मिळून दिलं गेलं.

एकटी पडली की मरते

पुढचं सगळं समजायला या पेशींचा एक स्वभाव माहीत हवा. माणसाची मूलपेशी एकटी राहू शकत नाही. वसाहतीतून सुटी केली की ती बहुतेक वेळा आत्मघात करते. म्हणून सुरुवातीच्या काळात प्लेट भरली की वसाहतींचे बारीक तुकडे करून नव्या प्लेटमध्ये टाकत. तुकड्यात किती पेशी आहेत याचा नेमका हिशोब लागत नसे, पण पेशी जगत.

२००७ मध्ये कोबेच्या रिकेन विकासजीवशास्त्र केंद्रात योशिकी ससाई यांच्या गटाने दाखवलं की वाय-२७६३२ नावाचं एक रसायन मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषकद्रवात, घातलं की सुट्या पेशीही मोठ्या संख्येने तगतात. ते रॉक नावाचं विकर अडवतं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक मूलपेशी-प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ही बाटली असते. तिने काम फार सोपं केलं: विकराने पेशी सुट्या करा, मोजा, हव्या तितक्या पेरा. पण रसायन असलं तरी सुट्या केलेल्यांपैकी बऱ्याच मरतातच. म्हणजे प्रत्येक वेळी एक गाळणी लागते, आणि गाळणीतून कोण पार होतं याकडे सहसा कुणी पाहत नाही.

या संस्थेत मार्च २०२० पर्यंत तुकड्यांचीच पद्धत होती. मग टाळेबंदी आली. १८ व्या पॅसेजच्या, म्हणजे अठराव्यांदा नव्या प्लेटमध्ये हलवलेल्या, पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत ठेवून सगळे घरी गेले. जूनमध्ये परवानगी मिळाली तेव्हा आठांपैकी तीनच माणसं येऊ शकत होती. लोकल १५ जूनला सुरू झाली, पण अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. खासगी प्रयोगशाळेचं ओळखपत्र दाखवून ठाण्याच्या फलाटावर कुणी सोडत नव्हतं. पीएचडी करणारी ताई डोंबिवलीची. ती भावाच्या मोटारसायकलवर शिळफाट्याच्या कोंडीतून येई, तीही आठवड्यातून दोनदा. दुसरा संशोधक कळव्याचा. रोज येऊ शकणारा एकच, घणसोली गावातला तंत्रज्ञ, जो चालत यायचा.

या पेशींना रोज ताजा मीडिया लागतो, रविवारीसुद्धा. एकट्या माणसाला सातही दिवस बोलावणं बरं नव्हे, म्हणून मॅडमनी तोडगा काढला. शुक्रवारी पेशी सुट्या करून विरळ पेरायच्या, शनिवारी दुप्पट मीडिया घालायचा, रविवारी सुट्टी. विरळ पेरलेल्या पेशींना दुप्पट मीडिया दोन दिवस पुरतो. एकाच माणसाला वेळापत्रक सांभाळता यावं म्हणून तुकड्यांची पद्धत बंद झाली आणि जूनपासून दर शुक्रवारी एक पॅसेज सुरू झाला.

त्या परिस्थितीत मीही असाच निर्णय घेतला असता. पण पेशींच्या बाजूने पाहिलं तर आता दर शुक्रवारी त्यांना एकटं पाडलं जात होतं, तेही दूर दूर.

जानेवारी

पहिले दोन महिने विशेष काही घडलं नाही. सप्टेंबरपासून वहीतला सूर बदलतो. प्लेट गुरुवारऐवजी बुधवारी भरू लागते, मग मंगळवारी. ऑक्टोबरच्या मध्यावर तंत्रज्ञाने स्वतःहून एक चाचणी केली, जिचं मला खरोखर कौतुक वाटतं. आयात होणारं वाय-२७६३२ संपत आलं होतं, म्हणून त्याने एका प्लेटला ते दिलंच नाही. पेशी तरीही जगल्या. "मॅडम, ह्यांना आता औषध पण लागत नाही," असं तो म्हणाल्याचं सगळ्यांना आठवतं. सगळे खूश झाले. वर्षानुवर्षं हाताळल्यावर हात बसतो आणि पेशीही रुळतात, असं या क्षेत्रात सर्रास म्हणतात. प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा त्या दिवशी टेबलावर होता, पण तो आनंदाची बातमी बनून आला.

जानेवारी २०२१ मध्ये ताईने चेतापेशींचे प्रयोग पुन्हा सुरू केले. पद्धत २००९ पासून जगभर वापरात असलेली: स्मॅड नावाच्या संदेशमार्गाच्या दोन शाखा एकाच वेळी बंद करायच्या, म्हणजे मूलपेशी चेतास्तराकडे वळते. मूळ शोधनिबंधात ८० टक्क्यांहून अधिक पेशी वळल्या होत्या, आणि टाळेबंदीआधी या प्रयोगशाळेतही आकडा तेवढाच यायचा. आता अकराव्या दिवशी पॅक्स-६ या चेतास्तराच्या खुणेसाठी रंगवल्यावर जेमतेम पाचातली एक पेशी उजळत होती. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा मॅडम स्वतः शेजारी बसल्या, तरी तेच.

आता संशय कुणावर जाणार? अर्थात प्रयोग करणाऱ्या मुलीवर. हे कुणी तोंडावर बोललं नाही, पण वहीत तिच्या प्रत्येक टप्प्यापुढे दुसऱ्याची सही यायला लागली, त्यातून ते कळतं.

त्यानंतरचा संशय रसायनांवर होता आणि त्याला सबळ कारण होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम अंधारात गेली. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या, लोकल रुळांवर थांबल्या, काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली. या इमारतीचं जनरेटर तासाभरात गप्प झालं. उणे २० चा फ्रीज कोमट झाला. इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड ओसरला आणि मीडिया गुलाबीचा जांभळट झाला. दुसऱ्या दिवशी प्लेटमधल्या निम्म्याहून अधिक पेशी तरंगत होत्या. उरलेल्या वाढवून काम पुढे नेलं गेलं.

तेव्हा सगळ्यांचं मत एकच: त्या दिवशी रसायनं खराब झाली. नवी मागवली. ती यायला आणि विमानतळावरून सुटायला बरेच दिवस गेले. नव्या रसायनांनीही तोच निकाल दिला.

मग मायकोप्लाझ्मा. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. तो मीडिया गढूळही करत नाही, नुसता पेशींचं वागणं बिघडवतो. पीसीआर चाचणी स्वच्छ आली. पेशींची अदलाबदल झाली असेल म्हणून डीएनए ओळखचाचणी केली, तीही दात्याशी जुळली. गुणसूत्रांचा नकाशा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: ४६, एक्सएक्स, सामान्य. शिवाय याच पेशींपासून हृदयाच्या स्नायूपेशी करून पाहिल्या तर त्या झाल्या आणि धडधडल्या. म्हणजे पेशी धडधाकट आहेत, बिघाड मुलीच्या हातातच आहे, इथवर मंडळी येऊन ठेपली होती. तेव्हा मला फोन आला.

वीस नंबरचं गुणसूत्र

मी काही हुशारी केली नाही. वही मागच्या पानापासून पुढे वाचण्याऐवजी पहिल्या पानापासून वाचली, आणि जूनमधला पद्धतबदल, सप्टेंबरपासूनचा वेग आणि रसायनाशिवाय जगणं हे तिन्ही एका ओळीत दिसलं. या तिघांची जुळणी या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलपेशी उपक्रमाने ३८ प्रयोगशाळांमधले १२५ भ्रूण-मूलपेशी वंश तपासले, तेव्हा २० टक्क्यांहून अधिक वंशांत २० व्या गुणसूत्राचा एकच छोटा तुकडा जादा झालेला आढळला. त्या जागेचं नाव २०क्यू११.२१. तिथे बीसीएल-एक्सएल नावाचं, पेशीचा आत्मघात रोखणारं प्रथिन बनवणारं जनुक आहे, आणि फायदा त्याच्यामुळेच मिळतो हे २०१३ पर्यंत स्पष्ट झालं होतं. एक प्रत जादा असलेली पेशी एकटी पडली तरी सहजासहजी मरत नाही.

गुणसूत्रांच्या नकाशात हे का दिसलं नाही? नेहमीच्या पट्टे-पद्धतीत डीएनएच्या साधारण ५ ते १० दशलक्ष अक्षरांहून लहान बदल नजरेत येत नाहीत, आणि हा तुकडा बहुधा त्याहून लहान असतो. पारसिकच्या डोंगरावरून नवी मुंबई पाहिली तर इमारती मोजता येतात, पण एकीवर कुणी गच्चीत एक खोली वाढवली असेल तर ती कळत नाही. "सामान्य" हा अहवाल खोटा नव्हता. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देत होता तो प्रश्नच वेगळा होता.

जनुकाच्या प्रती मोजणारी क्यूपीसीआर ही चाचणी याच प्रयोगशाळेत दोन दिवसांत झाली. मार्चच्या पेशी: नेहमीच्या दोन प्रती. जानेवारीच्या: तीन.

आणि चेतापेशी न होण्याचं काय? २०१९ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने दाखवलं आहे की २०क्यू११.२१ वाढलेल्या मूलपेशींमध्ये टीजीएफ-बीटा आणि स्मॅडचा संदेशमार्ग बिघडतो, आणि त्या चेतास्तराकडे वळायला कचरतात. भ्रूणाच्या तीन मूळ थरांपैकी बाकीच्या दोन थरांकडे त्या जातात, आणि हृदय त्यांतल्याच एकातून घडतं. म्हणून हृदय धडधडलं. नेमकी जी चाचणी पेशींना निर्दोष ठरवायला केली, तीच त्या जनुकबदलात शाबूत राहते, आणि संस्थेचा विषय नेमका तोच थर जो शाबूत राहत नाही. दुसऱ्या कुठल्या गटाने याच पेशी घेऊन हृदयाचं काम केलं असतं तर त्यांना कदाचित कधीच काही कळलं नसतं.

वीज की रविवार

कारण कळल्यावरही एक वाद उरला, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा तोच आहे. सगळ्यांना १२ ऑक्टोबर हवा होता. त्या दिवशी निम्म्या पेशी मेल्या, काटक तेवढ्या उरल्या, झालं. यात कुणाचाच दोष नाही, असला तर विजेचा. बैठकीत हे जवळपास ठरून गेलं होतं.

सुदैवाने तंत्रज्ञाने दर काही आठवड्यांनी कुप्या गोठवल्या होत्या. जुलैअखेरची २४ व्या पॅसेजची, सप्टेंबरअखेरची ३२ व्या आणि नोव्हेंबरअखेरची ४१ व्या. मी सप्टेंबरच्या कुपीचा आग्रह धरला, कारण ती अंधारपटाआधीची. क्यूपीसीआरने तिच्यात दोनच प्रती दाखवल्या, आणि बैठकीत कुणीतरी "बघा" म्हणालं. पण क्यूपीसीआर सगळ्या पेशींची सरासरी सांगते. सातांत एक पेशी तीन प्रतींची असेल तर सरासरी येते २.१४, आणि तेवढा फरक या चाचणीत गोंगाटातच बुडतो. म्हणून ती कुपी वितळवून पेशी फिश तपासणीला पाठवल्या, जिच्यात जनुकावर चमकता ठिपका बसवून प्रत्येक पेशी वेगळी पाहतात. इथेही डोळ्यात तेल घालावं लागतं, कारण जादा प्रत मूळ प्रतीला चिकटूनच असते आणि दोन ठिपके एकच वाटू शकतात. जुलैच्या कुपीत नेहमीच्या चुकीपलीकडे काही नव्हतं. सप्टेंबरच्या कुपीत सुमारे सातांत एक पेशी बदललेली होती. नोव्हेंबरच्या कुपीत जवळजवळ सगळ्या.

आता हा हिशोब पाहा. समजा जूनमध्ये लाखात एक पेशी तीन प्रतींची होती, आणि दर शुक्रवारच्या गाळणीत तिचं प्रमाण बाकीच्यांच्या तुलनेत दुप्पट होत गेलं. सतरा पॅसेजमध्ये बरोबरी होते, कारण दोनाचा सतरावा घात एक लाखाच्या थोडा वर जातो. जूनच्या मध्यापासून सतरा शुक्रवार मोजले की ऑक्टोबरचा मध्य येतो. चौदाव्या पॅसेजला, म्हणजे सप्टेंबरअखेर, प्रमाण सुमारे १४ टक्के, सातांत एक. नोव्हेंबरअखेर सुमारे ९९. आरंभीचा आकडा मी बसवलेला आहे हे उघड आहे, पण तिन्ही कुप्या एका सरळ नियमात बसतात आणि त्यात अंधारपटासाठी वेगळी उडी घालावी लागत नाही. त्या दिवशी वीज गेली नसती तरी नोव्हेंबरात हेच झालं असतं. फार तर आठवडाभर उशिरा.

मॅडमना हे पटायला वेळ लागला. रविवारची सुट्टी त्यांनी माणुसकीने दिली होती आणि तीच कारण ठरते हे कुणालाही कडू लागेल. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की सुट्टी ठीक होती, विरळ पेरणीही एक-दोन महिने चालली असती. जूनमध्ये पद्धत बदलली त्याच दिवशी प्रती मोजण्याची चाचणीही वेळापत्रकात यायला हवी होती, ती आली नाही. पद्धत बदलली की निवडीचा दाब बदलतो, आणि त्याकडे लक्ष द्यायची जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती.

हे सगळं प्लेटपुरतंच आहे असंही नाही. कोबेच्या त्याच रिकेन केंद्रात मासायो ताकाहाशी यांच्या प्रकल्पात सप्टेंबर २०१४ मध्ये एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात तिच्याच पुनर्घडित मूलपेशींपासून केलेला थर बसवला गेला. जगातली ती पहिलीच अशी शस्त्रक्रिया. दुसऱ्या रुग्णासाठी पेशी तयार झाल्या, पण त्यांच्यात जनुकबदल आढळले आणि २०१५ मध्ये प्रत्यारोपण थांबवलं. पेशी पाहायला उत्तमच होत्या. इथे मला आपल्याकडच्या जाहिराती आठवतात, गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर स्टेम सेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचं ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच चालतं असं सांगतात. त्या जाहिरातींमागे पेशींच्या प्रती कोण मोजतं, असा प्रश्न कुणी रुग्ण विचारताना मी तरी ऐकलेला नाही.

संस्थेने पुढे काय केलं? २४ व्या पॅसेजनंतरचे सगळे निकाल बाद केले. त्यात ताईचे पाच महिन्यांचे हृदयपेशींचे तुलनात्मक प्रयोगही गेले, जे दिसायला निर्दोष होते. त्यावर बरीच ओढाताण झाली. हृदयाचे निकाल ठेवायला काय हरकत आहे, असा कळव्याच्या संशोधकाचा मुद्दा होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. मॅडमनी ऐकलं नाही. मार्चच्या १८ व्या पॅसेजची कुपी उघडून नवा साठा केला. तुकड्यांची पद्धत परत आली. १ फेब्रुवारीपासून ठरावीक वेळांत लोकल सगळ्यांना खुली झाली होती, त्यामुळे रविवारची पाळी वाटून घेता आली. प्रती मोजण्याची चाचणी वेळापत्रकात बसली. तिचा खर्च महिन्याच्या मीडियाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. फिशचा खर्च मात्र अजून प्रत्येक वेळी मंजूर करून घ्यावा लागतो.

ताईच्या हातांनी नव्या साठ्यावर मे महिन्यात पॅक्स-६ पुन्हा ८० टक्क्यांच्या आसपास आलं. सहीचा दुसरा रकाना वहीतून कुणी न बोलता काढून टाकला. तीन प्रतींच्या पेशी फेकल्या नाहीत. कुप्यांवर लाल झाकण लावून, नाव बदलून ठेवल्या आहेत, कारण स्मॅडचा मार्ग नेमका कुठे अडतो हे विचारायला याहून चांगली जोडी मिळणार नाही: एकच दाता, एकच जनुकसंच, फरक एका तुकड्याचा. तिचा प्रबंध आता त्याच प्रश्नावर आहे.

एक काम अर्धवट राहिलं. डिसेंबरमध्ये या पेशी "अतिशय सुलभ वाढणाऱ्या" अशी शिफारस करून दोन प्रयोगशाळांना दिल्या गेल्या होत्या. दोघांनाही पत्र आणि चाचणीचा निकाल पाठवला. एकीने त्याच आठवड्यात आपल्या प्रती मोजल्या, तीन आल्या, कुप्या नष्ट केल्या आणि तसं कळवलं. दुसरीने पोच दिली आणि आमच्याकडे पेशी उत्तम वाढत आहेत असं लिहिलं.